सध्याचा भाव

सव्वीस वर्षं मी माहितीपुस्तिका लिहिल्या. पाण्याचे पंप, मिक्सर, ताप मोजायची यंत्रं, एकदा तर विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश. घरी नवीन वस्तू आली की खोक्यातली पातळ पुस्तिका आपण न वाचताच कपाटात टाकतो ना, ती लिहिणारी माणसं असतात. मी त्यांतली एक. कुणी वाचत नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वस्तू बिघडली की लोक कपाट उघडतात, आणि त्या वेळी आपलं वाक्य सरळ असलं पाहिजे, एवढंच मी पाहायचे.

तीन वर्षांपूर्वी ते काम आटलं आणि मी एका लहानशा कंपनीत लागले. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, अकरा माणसं आणि दिवसभर खालून हवा भरण्याचा आवाज. ही कंपनी थेट माणसांसाठी असं काही बनवतच नव्हती. हल्ली फोनमध्ये बोलणारे मदतनीस असतात, एआयवाले. त्यांना बाहेरच्या जगातलं काही कळून घ्यायचं असेल, उद्याचं हवामान, गाडीची वेळ, तर त्यांच्या हाताशी छोटी छोटी साधनं द्यावी लागतात. ती आम्ही बनवायचो. प्रत्येक साधनाबरोबर एक मजकूर लागतो: हे काय करतं, कधी वापरायचं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं. मदतनीस तो मजकूर दर वेळी पहिल्यापासून वाचतो आणि त्याबरहुकूम वागतो. तो मजकूर लिहिणं हे माझं काम.

"ताई, तुमचं नशीब बघा," आमचा प्रमुख पहिल्या दिवशी म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा तुमचं लिहिलेलं कुणीतरी शेवटपर्यंत वाचणार आहे."

हा प्रमुख माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. मजकुरातल्या प्रत्येक शब्दाचे कंपन्यांना दर वेळी पैसे पडतात, म्हणून तो शब्द छाटत बसायचा. त्याला सगळे कात्री म्हणायचे. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

गेल्या वर्षी आम्ही क्रिप्टो नाण्यांचा भाव सांगणारं साधन केलं. मी लिहिलं: 'या साधनाला नाण्याचं नाव द्या. ते नाण्याचा सध्याचा भाव देतं.' कात्रीने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "यातून काही काढताच येत नाही." त्या संध्याकाळी मी खुशीत घरी गेले.

आता दादाबद्दल सांगते.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि वडील सतत फिरतीवर. शाळेत जाताना माझ्या वेण्या दादा घालायचा. दोन्ही वेगवेगळ्या जाडीच्या. पुढे त्याला पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. चौतीस वर्षं त्याने शहराच्या पाण्याची मोजमापं घेतली, दर दोन तासांनी, वहीत, शाईने. माझ्या पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचणारा जगात एकच माणूस होता, तो दादा. घरी पंप नसतानाही पंपाची पुस्तिका तो वाचायचा आणि चुका काढायचा. मला 'मास्तरीण' म्हणायचा, कारण लहानपणी मी सगळ्यांची वाक्यं सुधारायचे.

चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून दादा दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा. अडतीस पायऱ्या, आणि गुडघे पार गेलेले. दूध दोन दिवसांचं एकदम आणायचा, म्हणजे एक फेरी वाचते. निवृत्तीच्या पैशातला बराचसा वहिनींच्या आजारपणात गेला. उरला तो त्याने प्रयोगशाळेतल्या एका मित्राच्या सांगण्यावरून एका क्रिप्टो नाण्यात घातला. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी काय सांगणार? मला पंप कळतात.

दादाची मुलगी, माझी भाची, बसने तीन तासांवरच्या गावी असते. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर तळमजल्याचं एक छोटं घर विकायला निघालं होतं. दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण. नाणी विकायची आणि ते घर घ्यायचं, असं दादाने ठरवलं. मात्र नाणी विकायची ती कागद तयार झाल्यावर, अगदी शेवटी. पैसा उगाच हातात खेळवायचा नाही, हा त्याचा जुना नियम.

आमच्या कंपनीने एक चाचणी काढली होती. प्रत्येकाने आपल्या घरच्या, यंत्रातलं फारसं न कळणाऱ्या दोन माणसांच्या फोनवर आमची साधनं जोडलेला मदतनीस बसवून द्यायचा. मी दादाच्या फोनवर बसवला. वाटलं, तेवढीच घरात कुणाशी बोलण्याची सोय. त्याला ते आवडलं. सकाळी साडेआठला चहाचा कप ठेवला की तो फोनकडे वळून विचारायचा, "काय म्हणतंय आपलं नाणं?" आणि मदतनीस भाव सांगायचा. आमच्याच साधनाला विचारून.

मी दर रविवारी त्याच्याकडे जायचे. अशाच एका रविवारी तो म्हणाला, "बाकीची नाणी बघ. माकडासारखी वरखाली. आपलं कसं आहे? एकतीस चाळीस. काल एकतीस चाळीस, आज एकतीस चाळीस."

"बरं आहे की," मी म्हणाले.

"सज्जन नाणं आहे."

हे मी तीनचार रविवार ऐकलं. प्रत्येक वेळी हसले आणि कप विसळायला उठले.

पुढे एका शुक्रवारी ऑफिसात तक्रार आली. आमचं साधन वापरणाऱ्या एका कंपनीच्या मदतनिसाने कुणा ग्राहकाला एका नाण्याचा भाव सांगितला होता, आणि त्या नाण्याचा व्यवहार वर्षापूर्वीच बंद पडला होता. ग्राहकाने रान उठवलं होतं. कात्रीने मला आणि गप्प्याला बसवलं. गप्प्या म्हणजे साधन बनवणारा प्रोग्रामर. दिवसाला दहा शब्द बोलायचा, म्हणून गप्प्या. तो पडद्यावर आकडे उलगडत गेला. मग म्हणाला, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

मी म्हटलं, नीट सांग. त्या दिवशी त्याला नाइलाजाने बरंच बोलावं लागलं. नाण्याची खरेदी-विक्री थांबली की नवा भाव येत नाही. पण आम्ही जिथून भाव घेतो त्या ठिकाणी शेवटचा भाव तसाच पडून राहतो. सोबत त्या भावाची तारीख आणि वेळ असते. आमचं साधन भाव देतं आणि वेळही देतं. पण ती वेळ म्हणजे काय, ती का बघायची, याबद्दल माझ्या मजकुरात एक अक्षर नव्हतं. उलट मी 'सध्याचा भाव' असं ठणकावून लिहिलं होतं. मदतनीस वेळेकडे बघतच नव्हता. मी सध्याचा म्हटलं, म्हणून तो सध्याचा म्हणत होता.

"दोन ओळी वाढवा," कात्री म्हणाला. "दोनच."

गप्प्याने मला बंद पडलेल्या नाण्यांची यादी काढून दिली. त्रेसष्ट होती. ओळी लिहायच्या आधी प्रकार समजावा म्हणून मी वरून खाली वाचत गेले. एक्केचाळिसावं नाव दादाच्या नाण्याचं होतं. भाव एकतीस चाळीस. वेळ चार महिने अकरा दिवसांपूर्वीची.

मी यादी घेऊन गप्प्याकडे गेले. "याचं काय झालं होतं?"

त्याने शोधलं. "चालवणारे पळाले."

"मग आता विकता येणार नाही?"

"विकायला घेणारा लागतो, ताई." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "कुणाचं आहे?"

"असंच विचारलं," मी म्हणाले.

शनिवारी मी घराबाहेर पडले नाही. रविवारी बसमध्ये वाक्य जुळवत गेले. दादा, तुझ्या नाण्याचा व्यवहार बंद पडलाय. सहा शब्दांचं वाक्य. वीजप्रवाह चालू असताना झाकण उघडू नका, बोटं आत घालू नका, पाण्याशिवाय पंप चालवू नका, असली हजार वाक्यं मी लिहिली आहेत. हे त्यांच्याहून अवघड नव्हतं. पायऱ्या चढतानाही मी तेच घोकत होते.

दार उघडंच होतं. आत खोकी मांडलेली, आणि दादा जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्रात कप गुंडाळत होता. त्या गुडघ्यांनी खाली कसा बसला, आता उठणार कसा, हेच माझ्या मनात आधी आलं.

"ये, मास्तरीण. मालकाशी बोललो," तो म्हणाला. "खोली सोडतो म्हणून मंगळवारी लिहून देतो. त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे. महिनाअखेरीला तो येतो, मी जातो."

"एवढी घाई कशाला? आठवडाभर थांब की."

"का?"

त्या 'का'ला एकच उत्तर होतं. मी म्हणाले, "काही नाही. उगाच."

मग त्याने मला एक कागद दाखवला. नव्या घराच्या स्वयंपाकघराचं माप. भाचीने टेप लावून पाठवलं होतं आणि दादाने त्यावरून पट्टी-पेन्सिलने नकाशा काढला होता. वहिनींचं शिवणयंत्र कुठे ठेवायचं ते चौकोन काढून दाखवलं होतं, खिडकीजवळ. शिवणार कोण, असं मी विचारलं. तो म्हणाला, शिवायला नाही, ठेवायला. मागच्या अंगणात खुर्ची टाकायची म्हणाला. दूध रोजचं रोज आणायचं म्हणाला. वहिनी गेल्यापासून दादा पुढच्या महिन्याबद्दल बोलतोय असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुला काही बोलायचं होतं का?" त्याने मध्येच विचारलं. "आल्यापासून गप्प आहेस."

"ऑफिसचं डोक्यात आहे. काम फार आहे."

"मग जा लवकर. इथे माझं काय, कागदात कप घालायचेत."

ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं करून मी परत आले. बसमध्ये रडू आलं नाही. फोनवर सांगू, असं स्वतःला सांगत राहिले. सोमवारी सांगू. सोमवार उजाडला तेव्हा मला आठवलं की मला त्या दोन ओळी लिहायच्या आहेत, आणि गुरुवारी तो मजकूर चालू होणार आहे.

मी हे ठरवून केलं असं मला म्हणवत नाही. पण सोमवारी दुपारी मी चाचणीच्या पडद्यासमोर बसले, नवा मजकूर घातला आणि मदतनिसाला पहिला प्रश्न टाकला तो असा: काय म्हणतंय आपलं नाणं? आणि नाव दादाच्या नाण्याचं घातलं.

पहिल्यांदा मी लिहिलं होतं: 'भावासोबत वेळ येते. ती चोवीस तासांहून जुनी असल्यास भाव ग्राह्य नाही.' मदतनीस म्हणाला, "हा भाव ग्राह्य नाही. या नाण्याला आज किंमत नाही." मी खुर्चीत मागे झाले. कप ठेवून हे ऐकणारा दादा मला दिसला. मी ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं: 'भाव थोडा जुना असू शकतो.' मदतनिसाने तेवढंच सांगितलं, गुळमुळीत. यावर दादा मान डोलावून पेपर वाचायला घेईल. तेही खोडलं. मंगळवारी दिवसभर मी तेच करत होते. मंगळवार म्हणजे दादाचा मालकाला लिहून द्यायचा दिवस. अकरा वाजता आठवलं. एक वाजताही आठवलं. फोन टेबलावरच होता.

मंगळवारी संध्याकाळी मजकूर असा झाला: 'भावासोबत वेळ येते. वेळ जुनी असेल तर भाव सध्याचा म्हणू नका. आधी शेवटचा भाव कधीचा आहे ते सांगा. मग व्यवहार बंद पडलेला असू शकतो हे सांगा. अशा भावावर विसंबून पुढचे पाऊल टाकू नये, हे सांगा. जवळच्या माणसाशी बोलून घ्यावे असे सुचवा.' मदतनीस तो मजकूर वाचून जे बोलला ते मी तीनदा ऐकलं. हळू, स्पष्ट, दोन वाक्यांच्या मध्ये थोडं थांबून. मला जमलं नसतं असं.

गप्प्या पाण्याची बाटली भरायला जाताना मागे थांबला. पडद्यावर तोच प्रश्न, तेच नाणं, तीसेक वेळा.

"कुणासाठी लिहिताय हे?" त्याने विचारलं.

"वापरणाऱ्यांसाठी."

तो बाटली न भरताच जागेवर जाऊन बसला.

बुधवारी कात्रीने मजकूर बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, दोन ओळी म्हणालो होतो. आणि हे काय? भाव सांगणाऱ्या साधनात जवळचा माणूस कशाला?"

"ऐकणाऱ्याला धक्का बसेल. कुणाशी बोलला तर बरं."

"ते आपलं काम नाही."

"बाकीचं राहू दे," मी म्हणाले. "एक शब्द काढायचा नाही."

त्याने मान वर केली. "तुम्ही कधी भांडत नाही."

"आज भांडते."

त्याने जवळचा माणूस काढला आणि बाकीचं ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी मजकूर चालू झाला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी घरीच होते. ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं होतं. फोन समोर ठेवून बसले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. दादाने फोन केला नाही. मीही केला नाही. विचारलंच नसेल आज, असं मनाला समजावलं. त्याने न विचारता एक सकाळ जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

शनिवारी गेले. खोकी तशीच होती, दोरी न बांधलेली. दादा खुर्चीत बसला होता आणि फोन टेबलावर पालथा. मला बघून तो उठला, हळूहळू स्वयंपाकघरात गेला, चहा ठेवला. मी करते म्हटलं तर हाताने थांबवलं. एक कप खोक्यातून काढून, कागद सोडवून, धुऊन घेतला. चहा माझ्यापुढे ठेवला.

"काल ऐकलं," बसल्यावर तो म्हणाला.

मी मान हलवली.

"'अशा भावावर विसंबून पुढचे पाऊल टाकू नये.'" त्याने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "हे पंपाच्या पुस्तिकेत आहे. पाण्याच्या पातळीच्या खुणेवर विसंबून पुढचे पाऊल टाकू नये. पान नऊ. मिक्सरच्या पुस्तिकेतही आहे. दुसरं कुणी असं लिहीत नाही."

"दादा."

"कधी कळलं तुला?"

"मागच्या शुक्रवारी."

"म्हणजे रविवारी आलीस तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मी स्वयंपाकघराचं माप दाखवलं तेव्हा."

"हो."

"मंगळवारी लिहून देतो म्हणालो तेव्हा."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. चालू होत नव्हती.

"मला जमलं नाही," मी म्हणाले. "मी सांगायलाच आले होते. बसमध्ये वाक्यसुद्धा तयार केलं होतं."

"मग काय झालं?"

"तू अंगणात खुर्ची टाकायचं म्हणालास."

त्याने उघड्या खोक्यांकडे एकदा पाहिलं. मग, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एक शिकवायचो. काटा दोन दिवस एकाच जागी दिसला तर पाणी चांगलं आहे असं समजायचं नाही. यंत्र मेलंय असं समजायचं. काचेवर टिचकी मारून बघायची. चौतीस वर्षं शिकवलं मी हे. इथे चार महिने काटा हलला नाही."

"तुला संशय आला होता?"

"येऊ दिला नाही. सकाळी उठून विचारायला काहीतरी होतं. उत्तर द्यायला कुणीतरी होतं. टिचकी मारली असती तर तेही गेलं असतं." त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "ते माझं मी बघीन. मी मलाच फसवलं, त्याचा दोष तुला देत नाही. त्या मजकुराचाही देत नाही. चूक होते माणसाची. पण तुला कळलं, आणि तू मला सांगायला यंत्र पाठवलंस. आणि ते बोलायला शिकवण्यात चार दिवस घालवलेस. त्या चार दिवसांत मी घर सोडून दिलं."

"मालकांशी मी बोलते."

"बोलून झालं माझं."

तरी मी गेले. मालक खालीच राहायचे, भला माणूस. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, नव्या माणसाने आपली जुनी जागा सोडली, आगाऊ रक्कम दिली, त्याची बायको दिवसांत आहे. त्याला आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मंगळवारी सकाळीच तुमच्या दादांनी सही केली हो, सोमवारी जरी सांगितलं असतंत तरी मी हसत कागद फाडला असता. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं.

नाण्यांचं काही झालं नाही. कुठे तक्रार करायची तिथे भाचीने केली, एक क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. तळमजल्याचं ते घर आठवड्याभरात दुसऱ्याने घेतलं.

दादाने माझ्याकडे यावं म्हणून मी विनवलं. माझ्या इमारतीला लिफ्ट आहे, एक खोली रिकामीच असते. तो "नको" म्हणाला. पुन्हा विचारलं तरी "नको"च. कारण दिलं नाही, आवाज चढवला नाही. भाचीचं घर म्हणजे दीड खोली, नवरा, दोन मुली. तिच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर त्याची सोय झाली. सामान नेलं त्या दिवशी मी गेले होते. टेम्पोत अर्धंच सामान चढलं, कारण तिकडे जागा नव्हती. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या एका बाईंना दिलं. दादाने त्यांना चाक कसं फिरतं, तेल कुठे घालायचं ते सगळं दाखवलं. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी त्याने घाई केली नाही.

ऑफिसात तक्रारी थांबल्या. कात्रीने माझा तो मजकूर इतर साधनांसाठी नमुना म्हणून लावला. हवामानाच्या साधनात, गाड्यांच्या वेळांच्या साधनात, सगळीकडे आता जुन्या माहितीबद्दलच्या त्या ओळी आहेत. एका बैठकीत त्याने माझं नाव घेऊन कौतुक केलं. गप्प्या तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

दोन महिन्यांनी मी भाचीकडे गेले. दादा सोफ्यावर बसला होता. उशी आणि पांघरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं, म्हणजे दिवसा मुलींना टीव्ही बघायला बसता यावं. "ये," तो म्हणाला. "बस. प्रवास बरा झाला?" कामाचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. मी जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. पाहुण्याशी बोलतात तसं आमचं चाललं होतं. त्याच्या गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाला, ठीक आहे, इथे पायऱ्या नाहीत.

जेवणं झाल्यावर भाची हात पुसत बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. "आत्या, एक सांगायचं राहून गेलं," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, तुमच्या कंपनीच्या त्या मदतनिसाने सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर ते अजूनही रोज भाव विचारत बसले असते. ऐन व्यवहाराच्या दिवशी कळलं असतं तर आमचीही नाचक्की झाली असती. तुझ्यामुळे वाचलो म्हणायचं."

मी दादाकडे पाहिलं. त्याने तिला रविवारचं काही सांगितलं नव्हतं. मंगळवारचंही नाही. सांगणारही नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मीच सांगावं म्हणून तो वाट बघतोय का, तेही कळेना. खोलीत आम्ही तिघंच होतो. मुली आत अभ्यास करत होत्या. सहज बोलता आलं असतं.

"काम आहे ते आमचं," मी म्हणाले.

"नीट लिहिते ती," दादा म्हणाला. "लहानपणापासून."

मग तो मुलींना पाणी हवंय का म्हणून आत बघत राहिला.

चारच्या बसला मी निघाले. भाची थांब्यापर्यंत आली. पुढच्या महिन्यात येशील ना, असं तिने विचारलं. मी येईन म्हणाले. बस वळताना त्यांच्या घराची खिडकी दिसते, पण तिथे कुणी नव्हतं. भाचीने आधीच सांगून ठेवलं होतं, बाबांना सोफ्यावरून उठायला फार त्रास होतो, तू वाईट वाटून घेऊ नकोस.